उभे राहताच येणारी चक्कर : शरीराची वीण आणि स्वायत्त चेतासंस्था
(आरोग्यविषयक व्याख्यान)



मंठ्याचा उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा दिवसांत प्रार्थनेसाठी, दर्शनाच्या रांगेत किंवा कायोत्सर्गात स्थिर उभी असलेली एखादी मुलगी एकाएकी पांढरीफटक पडते, छातीत धडधड होते आणि ती खाली बसते. बहुधा कारण साधे असते : रिकामे पोट, पाण्याची कमतरता, रक्तक्षय. परंतु हाच प्रकार महिनोन्महिने घडत राहिला, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : "हिला सगळे नाटक सुचते." या वाक्याने किती लेकरांचे मन मोडले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

कापडाचा टिकाऊपणा त्याच्या सुतावर आणि विणीवर अवलंबून असतो. शरीराचेही तसेच आहे. त्वचा, सांधे, रक्तवाहिन्या व आतडी यांना आधार देणाऱ्या विणीस संयोजी ऊती म्हणतात. कोलॅजेन हे तिचे प्रमुख सूत होय. काही कुटुंबांत हे सूत जन्मतःच सदोष असते. डेन्मार्कचे एहलर्स यांनी १९०१ मध्ये आणि फ्रान्सचे डॅनलॉस यांनी १९०८ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले. त्यावरून त्या विकारास एहलर्स-डॅनलॉस हे नाव मिळाले. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचे १३ प्रकार मानले आहेत. १८९६ मध्ये मारफान यांनी वर्णिलेला विकार याच कुळातला. त्यात फायब्रिलिन नावाच्या सुतात दोष असतो.

आता चक्कर का येते, ते पाहू. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय व पोटाकडे उतरते. त्याच क्षणी स्वायत्त चेतासंस्था, म्हणजे मनाच्या आज्ञेची वाट न पाहता हृदय, रक्तदाब, घाम व पचन सांभाळणारी यंत्रणा, रक्तवाहिन्या आवळते आणि रक्त मेंदूपर्यंत पोहोचवते. परंतु वाहिन्यांची भिंतच सैल असेल, तर आवळण्याचा हुकूम पाळला जात नाही. रक्त खालीच साचते. मग ती उणीव भरून काढण्यासाठी हृदय धावू लागते. काही रुग्णांत सूक्ष्म नसांचाही दोष आढळतो. सर्व धागे अद्याप उलगडलेले नाहीत. मात्र सांध्यांची अतिलवचिकता आणि ही तक्रार अनेकदा जोडीने येतात, हे निश्चित.

या अवस्थेस १९९३ पासून 'पॉट्स' म्हणतात. तिची प्राथमिक तपासणी साधी आहे. दहा मिनिटे झोपवून नाडी मोजावी. नंतर जवळ कोणी असताना दहा मिनिटे उभे करून पुन्हा मोजावी. रक्तदाब फारसा न उतरता ठोके ३० ने, आणि १२ ते १९ वर्षे वयात ४० ने वाढत असतील व तक्रार तीन महिन्यांहून जुनी असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. अंगठा मनगटाला टेकणे, कोपर उलटे वाकणे, खांदा वारंवार निखळणे या खुणाही डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. अंगकाठी फार उंच, बोटे लांबसडक, चष्म्याचा नंबर मोठा आणि घराण्यात अकाली हृदयमृत्यू असेल, तर टू-डी इको तपासणी टाळू नये. कारण तिथे महाधमनी फुगण्याचा धोका असतो. दुर्मीळ विकारांसाठी २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे नियुक्त केंद्रांपैकी एक आहे.

मूळ दोष मुळापासून काढणारे औषध आज नाही, परंतु पुष्कळ काही करता येते. पुरेसे पाणी, डॉक्टरांनी ठरवून दिलेले वाढीव मीठ, पायांना घट्ट दाबमोजे, पडून अथवा बसून करायचा व्यायाम आणि गरजेनुसार औषधे, यांनी अनेकांचे दिवस सुसह्य होतात. रक्तदाब वाढलेल्यांनी किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ मनाने वाढवू नये.

येथे दोन गोष्टी समाजाने विचारात घ्याव्यात. पहिली तपाची. निर्जळी उपवास आणि अळणी आहार अशा रुग्णास घातक ठरू शकतात. तप यथाशक्ती करावे, अशीच परंपरेची शिकवण आहे. त्या मुलीची शक्ती तिच्या नाडीवरून ओळखावी, शेजारणीच्या अठाईवरून नव्हे. तिने बसून ध्यान केले, तर भाव उणा होत नाही. दुसरी गोष्ट विवाहाची. यांतील अनेक विकारांत आई किंवा वडील, कोणा एकाकडून दोष प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी असा भेद तिथे नाही. म्हणून आईला बोल लावणे अन्यायाचे आणि आजार लपवणे धोक्याचे आहे. गरोदरपणापूर्वी तपासणी झाली, तर काही प्रकारांत प्राण वाचू शकतात.

सैल विणीचे वस्त्र कोणी फेकून देत नाही. ते जपून वापरतात. माणसाच्या बाबतीत एवढी तरी समज असावी. पुढच्या वेळी एखादे लेकरू उभे राहता राहता बसले, तर प्रथम त्याला पाणी द्यावे, आडवे करून पाय उंच ठेवावेत आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा.

जय जिनेंद्र.