तेंदूपत्ता : जंगलाची उन्हाळी कमाई
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



आपले जबलपूर संगमरवराइतकेच विडीसाठीही प्रसिद्ध. पण विडीचे पान येते कुठून, हे आज थोडक्यात सांगतो.

एप्रिल-मे महिन्यांत मंडला, डिंडोरीकडे शेतीची कामे नसतात. तेव्हा गोंड, बैगा कुटुंबे पहाटेच जंगलात जाऊन तेंदूची पाने तोडतात. ५० पानांची एक गड्डी बांधून फडावर मोजून देतात. अशा १००० गड्ड्यांचा एक मानक बोरा. पावसाळ्याआधी हाती येणारा रोख पैसा तो हाच.

पूर्वी हा व्यापार ठेकेदारांच्या हाती होता. मध्य प्रदेश शासनाने १९६४ साली कायदा करून तो आपल्याकडे घेतला. १९८४ साली लघु वनोपज संघ स्थापन झाला आणि १९८८ नंतर संकलन गावच्या सहकारी समित्यांकडे आले. नफ्यातून बोनसही मिळू लागला. २०२४ साली बोऱ्याचा दर ४००० रुपये झाला. म्हणजे गड्डीला ४ रुपये!

गडचिरोलीने एक पाऊल पुढे टाकले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या बळावर तिथल्या अनेक ग्रामसभा पानांचा लिलाव स्वतः करू लागल्या. भावात गावाचा शब्द आला.

विडी प्रकृतीला घातकच. तिचा खप घटावा हे योग्य. पण मग पान तोडणाऱ्या हातांनी काय करावे? मोह, चारोळी, आवळा यांवरची प्रक्रिया गावातच व्हावी आणि तिची मालकीही गावाचीच असावी, असे मला वाटते. आपल्यातील व्यापारी, अभियंते आणि बँकेतील मंडळींनी यात लक्ष घालावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!