राहण्याचा परवाना, विकण्याचा हक्क

(कलघटगी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



कलघटगी म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला रंगवलेला लाकडी पाळणा आठवतो. मी आज पाळण्यातून उठून फार लांब गेलेल्या मुलांविषयी बोलणार आहे. कुणी टेक्सासला, कुणी दुबईला, कुणी लंडनला. त्यांतल्या कित्येकांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं आणि इथं वडिलांची तीन एकर जमीन, हुबळीतलं एखादं घर तसंच राहिलं. वडील गेले की प्रश्न उभा राहतो, पोरगा परदेशी झाला, आता हे विकायचं कसं? माझं आयुष्य दस्तांच्या कामात गेलं, म्हणून संयोजकांनी मला पकडलं. सल्ला फुकट आहे, तेवढा जपून घ्या.

परदेशी माणूस पाहायला अमेरिकेला जायला नको. तडसच्या बाजूनं मुंडगोडला जा, तासाभराचं काम. तिथं १९६६ पासून तिबेटी वसाहत आहे. सरकारनं जंगलातली जागा दिली, त्यांनी ती साफ करून मका आणि भात पिकवला, गांदेन आणि द्रेपुंग हे ल्हासाजवळचे मठ तिथं पुन्हा उभे केले. हुबळीच्या बाजारात लाल वस्त्रातला भिक्खू दिसला तर आता कुणी वळूनही बघत नाही. पण कागदावर हा शेजारी अजून परदेशी आहे. त्याच्याजवळ नोंदणी प्रमाणपत्र असतं, त्याला ‘आरसी’ म्हणतात. मुदत संपायच्या आत ते नव्यानं करून घ्यावं लागतं. परदेशी जायचं तर पासपोर्ट नाही, पिवळं ओळखपत्र. आणि ज्या जमिनीत बापानं घाम गाळला, ती सरकारची. कसता येते, तिच्यावर राहता येतं, खरेदीखत करून विकता येत नाही. २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानंच भारतीय ठरतो. हे कायद्यात लिहिलेलंच होतं, तरी दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये आणि आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगेपर्यंत कचेऱ्यांना ते पटत नव्हतं.

हे सांगायचं कारण असं की राहण्याचा परवाना आणि जमिनीचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली माणसं त्या एकात एक मिसळतात. मुंडगोडच्या माणसाला राहता येतं, विकायला काही नाही. आपल्या पोराला विकायला आहे, पण राहण्याचा परवाना त्यालाही वेगळा काढावा लागतो. गंमत अशी की कलघटगीत जन्मलेला आणि अमेरिकन पासपोर्ट घेतलेला मुलगा मुंडगोडच्या वसाहतीत रात्री मुक्काम करणार असेल, तर त्याला संरक्षित क्षेत्राचा परवाना आधी काढावा लागतो. चुलतभाऊ स्कूटरवर बसून खुशाल जाऊन राहतो.

आता कायदा. घटनेचं नववं कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दोन्ही सांगतात की आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की आपलं संपलं. दुहेरी नागरिकत्व भारतात नाही. लोक मला ‘ओसीआय कार्ड’ काढून दाखवतात आणि म्हणतात, हे काय मग? हे नागरिकत्व नाही. २००६ पासून मिळणारं हे कार्ड म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. कितीही दिवस राहा, पोलिसांकडं नोंद करावी लागत नाही. मत नाही, सरकारी नोकरी नाही, आणि शेती विकत घेता येत नाही. कार्ड नसेल तर साधा व्हिसा. तो १८० दिवसांपेक्षा लांबीचा असला तर आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते, आता ती ऑनलाइन होते. १९३९ आणि १९४६ चे इंग्रजांच्या काळचे कायदे गेले आणि १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास आणि विदेशी नागरिक कायदा लागू झाला, हेही कानावर असू द्या. आणि जुना भारतीय पासपोर्ट कपाटात ठेवून दोन्हीकडून काम काढायचं, हा उद्योग कुणी करत असेल तर त्याला इथंच थांबवा. नवं नागरिकत्व घेतल्यावर तो पासपोर्ट वापरणं गुन्हा आहे.

गोव्यात हाच पेच दुसऱ्या वाटेनं येतो. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो. आंबा-काजूची बाग तशीच, माणूस मात्र एका नोंदीनं परदेशी.

मग विक्रीचं काय? मोठी भीती सगळ्यांना वाटते ती ही, की परदेशी झालो म्हणजे जमीन गेली. नाही जात. वारसानं आलेली शेतीसुद्धा परदेशी झालेल्या मुलाच्या नावावर राहू शकते. फेमा नावाचा परकीय चलनाचा कायदा १ जून २००० पासून लागू आहे आणि त्याखालचे नियम तीनच गोष्टी सांगतात, पण लोक त्यांतच अडकतात. ओसीआय कार्ड असलेल्या परदेशी नागरिकाला घर, दुकान, प्लॉट विकत घेता येतो, शेती नाही, फार्महाउस नाही, मळा नाही. शेती त्याला बक्षीसही देता येत नाही. आणि वारसानं आलेली शेती त्यानं विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. दुबईतला सख्खा चुलतभाऊ भारतीय पासपोर्टवाला असला, पैसे रोख मोजायला तयार असला, तरी तो शेती घेऊ शकत नाही, कारण कायद्याच्या नजरेत तो अनिवासी आहे.

यातली बक्षीसपत्राची गोष्ट मी दोनदा सांगतो. वडील थकले की घरात बैठक बसते. कुणीतरी म्हणतं, अप्पा, हयातीतच धाकट्याच्या नावावर करून टाका, नंतर कटकट नको. धाकटा अमेरिकन नागरिक. अप्पा मोठ्या मायेनं बक्षीसपत्र करतात, मुद्रांक भरतात, आणि जी जमीन वारसानं सरळ मुलाकडं गेली असती ती बेकायदा व्यवहारात अडकवतात. अप्पांनी मृत्युपत्र करावं. नाहीतर काहीच करू नये, वारसा आपोआप येतो. अमेरिकेतल्या मुलाला इथली शेती नको असेल तर त्यानं भारतात राहणाऱ्या भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यावं, त्याला आडकाठी नाही. मुलीचा हक्कही सारखाच, ती कुठंही असो. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते पक्कं केलं आणि कर्नाटकानं तर १९९४ मध्येच केलं होतं.

जुना काळ यापेक्षा कडक होता. १९७३ च्या ‘फेरा’ कायद्याच्या ३१ व्या कलमात परदेशी माणसाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हतं, बक्षीसही देता येत नव्हतं. बेंगळूरच्या सेंट मार्क्स रोडवरची जागा एका परदेशी विधवेनं १९७७ मध्ये बक्षीसपत्रानं एकाला दिली, परवानगी न घेता. त्या व्यवहारावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला २६ फेब्रुवारी २०२१ रोजी, आणि तो दस्त टिकला नाही. कोर्टानं एवढं मात्र केलं की ज्या जुन्या व्यवहारांचा वाद कधीच मिटून गेला, ते या निकालाच्या जोरावर उकरून काढायचे नाहीत. इथं कुणाच्या घरी त्या काळातल्या परदेशी माणसाच्या सहीचा दस्त असेल, तर मला दाखवायला आणा. घाबरू नका, पण आणा.

आता कलघटगीच्या कचेरीत काय होतं ते बघू. तुमची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, डोळ्यांसमोर आणा. नऊ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, अकरात बोजा, बारात कसणारा. नव्वद टक्के रखडलेली प्रकरणं नऊ नंबरातच अडकतात असं म्हणायचा मोह होतो, पण मी मोजलेली नाहीत, म्हणून म्हणत नाही. एवढं मात्र बघतो की आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, नऊ नंबरात आजोबाच आहेत. मुलगा टेक्सासहून फोनवर म्हणतो, गिऱ्हाईक मिळालंय, पुढच्या महिन्यात येतो, सही करून जातो. कसली सही? मेलेल्या माणसाची? आधी पौती खातं करून वारसांची नावं लागली पाहिजेत. त्याला मृत्यूचा दाखला आणि वंशावळ लागते. अर्जानंतर आक्षेपांची मुदत असते. तीन एकरांतलं एक एकरच विकायचं असेल तर अकरा-ई नकाशा लागतो, म्हणजे भूमापकाची वाट बघणं आलं. अकरा नंबरात सोसायटीच्या फिटलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिलेला असतो, तो कमी करून घ्यायचा. यातलं एकही काम परदेशी नागरिकत्वामुळं अडत नाही, आणि एकही काम महिन्याच्या रजेत होत नाही.

एक चांगली गोष्ट झाली. बिगरशेतकऱ्याला शेती घ्यायला बंदी घालणारी कलमं कर्नाटकानं २०२० मध्ये काढली, त्यामुळं गिऱ्हाईक वाढलं. चांगली का वाईट, शेतकरी म्हणून माझं मत वेगळं आहे, पण विकणाऱ्याच्या बाजूनं चांगली. कुळाचा धाक मात्र लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो उगाच नाही. १ मार्च १९७४ रोजी कुळाकडच्या जमिनी सरकारकडं गेल्या तेव्हा मुंबईला नोकरीला असलेल्यांनी किती घालवलं, ते तुमच्या घरात कुणीतरी सांगेल. त्यानंतर शेती खंडानं द्यायला कायद्यानं बंदी आहे. म्हणून परदेशातला मालक तोंडी वाट्यानं देतो आणि बारा नंबरात काय लिहिलं जातंय ते वर्षानुवर्षं बघत नाही. पहाणी ऑनलाइन आहे. टेक्सासमध्ये बसूनही बघता येते. बघा म्हणावं.

स्वतः येता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र. तिथल्या नोटरीपुढं सही करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का, घ्यायचं, किंवा आपल्या वकिलातीत जाऊन सही करायची. कागद कर्नाटकात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं. हा कागद पाकिटातून निघाला की ट्रंकेत जातो, तीन महिने सरतात आणि मग धावपळ. मुखत्यारपत्रात सर्व्हे नंबर लिहा, किती जमीन ते लिहा, कुणाला काय करायचा अधिकार ते लिहा. ‘माझी सर्व मालमत्ता’ असलं ढगळ काही नको. आणि मुखत्यारपत्रावरच जमीन ‘विकली’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यानं मालकी बदलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

आता पैसा, म्हणजे तुम्ही ज्यासाठी जागे राहिलात. हुबळीतलं घर साठ लाखांना विकलं. विकणारा इथला असेल तर खरेदीदार एक टक्का, म्हणजे साठ हजार कापून भरतो. विकणारा परदेशात राहणारा असेल तर दोन वर्षांहून जुन्या घराच्या नफ्यावर साडेबारा टक्के, वर अधिभार आणि उपकर, आणि हे कापायची जबाबदारी खरेदीदाराची. नफा किती, हे खरेदीदाराला कळत नाही, म्हणून तो भिऊन पूर्ण साठ लाखांवर कापतो. साडेसात लाख तिथंच अडकले. ते परत मिळतात, पण रिटर्न भरून वाट बघितल्यावर. उपाय जुनाच आहे. विक्रीच्या आधी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला घ्यायचा. वारसाच्या घराची किंमत धरताना वडिलांनी दिलेली किंमत धरतात, आणि घर जुनं असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरायची सोय आहे. ती काढून ठेवा, कर कितीतरी उतरतो. भारतात राहणाऱ्याला महागाईचा निर्देशांक लावून जुन्या दरानं कर भरायची मुभा आहे, अनिवाशाला जुलै २०२४ पासून ती नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. घर एकच, महागाई एकच.

शेतीचं उलट. कलघटगीसारख्या दहा हजारांवर आणि लाखाच्या आत वस्ती असलेल्या गावाच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या पलीकडची शेती भांडवली मालमत्ता धरत नाहीत, म्हणजे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. विकणारा अमेरिकन झाला म्हणून हे बदलत नाही. तहसीलदाराकडून अंतराचा दाखला घेऊन ठेवा, खरेदीदाराचा सीए तोच मागेल.

आणि आपलंच सरकार असं वागतं असं समजू नका. अमेरिकेत परदेशी माणसानं घर विकलं तर तिथला खरेदीदार साधारणपणे पूर्ण किमतीच्या पंधरा टक्के कापून भरतो, १९८० पासूनचा कायदा आहे. दुबईत तर घरावर राहण्याचा परवाना टांगलेला असतो. वीस लाख दिरहमच्या घरावर दहा वर्षांचा व्हिसा मिळतो, आणि घर विकलं की त्या व्हिसाचा आधार जातो. आपल्याकडं निदान तो धागा कधीच बांधलेला नाही. इथली जमीन विकून टाकली म्हणून कुणाचं ओसीआय कार्ड जात नाही.

पैसे अनिवाशाच्या इथल्या बँकेतल्या एनआरओ खात्यात येतात. त्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएचा दाखला आणि आयकराचे ठरलेले फॉर्म बँकेत देऊन. तीन एकरांचे दहा लाख डॉलर होत नाहीत, तेव्हा मर्यादा कुणाच्या आड येत नाही. बँक अडवते ती वेगळ्याच कारणानं. खात्यात नाव ‘राजू’, पासपोर्टवर ‘राजेंद्र’ आणि खरेदीखतात आजोबांच्या नावासकट ‘राजेंद्रप्पा’. तिन्ही एकच माणूस, हे शपथपत्रानं सांगायला पुन्हा नोटरी आणि पुन्हा अपोस्टिल.

आता प्रश्न विचारा. ज्यांनी पहाणी बरोबर आणली आहे त्यांनी पुढच्या बाकांवर यावं, आधी तुमचा नऊ नंबर बघतो.