दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी



जो दुसऱ्याच्या तंत्राने चालतो, तो दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पितो, असे म्हणण्याची मराठीत रीत आहे. ह्या बोलण्यातील बोच केवळ तहानेपुरती नाही. पाणी किती द्यावयाचे, हे ज्याची ओंजळ त्याच्या मर्जीवर. आणि ते नदीचे की डबक्याचे, हेही त्यालाच ठाऊक. आजच्या काळात एक व्यवसाय असा आहे की, त्यात ही गोष्ट रोज घडते आणि पुष्कळदा पिणाऱ्याला तिची जाणीवही नसते. तो व्यवसाय म्हणजे संगणकाचे प्रोग्राम तयार करण्याचा.

बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल, मुलांचा परीक्षेचा निकाल, ह्या सर्वांच्या मागे प्रोग्राम असतात आणि ते कोणीतरी लिहिलेले असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु लिहून झाला की प्रोग्राम चालू लागतो, हा समज मात्र बरोबर नाही. लेखकाचे हस्तलिखित आणि वाचकाच्या हाती पडणारे पुस्तक ह्यांच्यामध्ये जसा छापखाना उभा असतो, तसाच येथेही असतो. प्रोग्राम लिहिणारा माणसाला वाचता येईल अशा भाषेत मजकूर लिहितो. हा मजकूर शेकडो फायलींत विभागलेला असतो. कंपायलर नावाचे साधन त्या फायलींचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करते; मग ते तुकडे एकत्र जोडावयाचे, त्यांची चाचणी घ्यावयाची, आणि शेवटी गठ्ठा बांधून तो ग्राहकाकडे पाठवावयाचा. ह्या सर्व खटाटोपाला त्या व्यवसायात 'बिल्ड' म्हणतात. छापखान्यातला 'बांधणी' हा शब्द त्याला चपखल बसतो.

ही बांधणी एकदा करून भागत नाही. मजकुरात एक अक्षर बदलले तरी ती पुन्हा करावी लागते, आणि बदल तर दिवसातून दहा वेळा होतात. माणूस कंटाळतो, विसरतो, एखादी पायरी गाळतो. म्हणून कोणत्या कामानंतर कोणते काम करावयाचे ह्याची कृती एकदाच लिहून ठेवावी आणि पुढे ती यंत्राकडून करवून घ्यावी, ही कल्पना पुढे आली.

तिचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन हे संशोधक एका दोषाचा शोध घेत होते. सारी सकाळ त्यांनी त्यात घालविली. अखेरीस उमगले की, दोष तर केव्हाच दुरुस्त झालेला आहे. फक्त दुरुस्त केलेल्या फायलीचे पुन्हा रूपांतर करावयाचे राहून गेले, आणि म्हणून जुनाच तुकडा जोडला जात होता. वैतागलेले जॉन्सन आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन ह्यांच्या खोलीत आले. फेल्डमन ह्यांचाही आदल्या संध्याकाळचा काही वेळ असाच वाया गेला होता. त्यांनी ह्यावर उपाय योजण्याचे ठरविले. प्रारंभी त्यांच्या डोक्यात एक भलामोठा आराखडा होता. विचार करता करता तो आटत गेला, आणि त्याच शनिवार-रविवारी त्यातून 'मेक' नावाचे एक छोटेसे साधन तयार झाले. ह्याच साधनाबद्दल २००३ साली असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी ह्या संस्थेने फेल्डमन ह्यांना पुरस्कार देऊन गौरविले.

'मेक'चे तत्त्व कोणत्याही गृहिणीला तत्काळ पटेल असे आहे. करंजी करावयाची तर सारण हवे आणि पारी हवी. सारणाला खोबरे व गूळ हवा. पारीला मळलेला मैदा हवा. आता सारण बदलले, तर करंजी नव्याने भरावी लागेल. परंतु त्यासाठी मैदा पुन्हा मळण्याचे कारण नाही. 'मेक'ला एवढेच लिहून द्यावयाचे: कोणती वस्तू कशापासून होते आणि ती करण्याची आज्ञा कोणती. मग ते प्रत्येक फाईल शेवटी केव्हा बदलली ती वेळ पाहते. जी वस्तू आपल्या सामग्रीहून जुनी, तेवढीच नव्याने करते; बाकीच्यांना हात लावीत नाही.

हे साधन निर्दोष आहे असे नव्हे. त्याच्या कृतीत आज्ञेची ओळ टॅब ह्या न दिसणाऱ्या चिन्हानेच सुरू व्हावी लागते, आणि त्यापायी नवशिक्यांच्या कैक पिढ्या गोंधळल्या आहेत. परंतु त्याचा एक गुण असा की, ते फारसे काही मागत नाही. आज्ञा समजून घेणारे 'शेल' आणि ज्या त्या भाषेचा कंपायलर, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. युनिक्स घराण्यातील संगणकांसाठी पॉझिक्स नावाचे जे प्रमाण आहे, त्यात 'शेल' आणि 'मेक' ह्या दोहोंचा समावेश आहे. साहजिकच, नीट लिहिलेली कृती वीस वर्षांनी निराळ्या यंत्रावरही बहुधा तशीच चालते.

पुढे काळ बदलला. इंटरनेटवर तयार साधनांची भांडारे उघडली. लहानसहान कामासाठीही तेथून साधन उसने आणावयाचे, असा प्रघात पडला. उसने आणलेले साधन आपल्याबरोबर आपली उसनवारीही घेऊन येते. एकाच्या मागून दहा, दहांच्या मागून शंभर. लग्नाला एका सोयऱ्याला बोलवावे आणि त्याच्यामागून त्याचा सारा गोतावळा पंगतीला यावा, तसा हा प्रकार.

ह्या पंगतीचे परिणाम २०१६ साली जगाला दिसले. जावास्क्रिप्ट भाषेच्या एनपीएम ह्या भांडारात 'लेफ्ट-पॅड' नावाचे अवघ्या अकरा ओळींचे एक साधन होते. एखाद्या शब्दाच्या डावीकडे हव्या तेवढ्या रिकाम्या जागा भरणे, एवढेच त्याचे काम. एका नावावरून वाद झाला आणि त्याच्या कर्त्याने २२ मार्च रोजी आपली सर्व साधने भांडारातून काढून घेतली. त्यासरशी जगभरच्या असंख्य बांधण्या बंद पडल्या. त्यांतील बहुतेकांनी 'लेफ्ट-पॅड'चे नावही ऐकलेले नव्हते. ते त्यांच्या सोयऱ्याच्या सोयऱ्याकडून आले होते. भांडाराच्या चालकांनी काही तासांतच ते परत ठेवले. परंतु अकरा ओळी स्वतः लिहिण्याचा आळस केवढ्याला पडू शकतो, हे त्या दिवशी कळले.

दुसरे उदाहरण थेट बांधणीच्या साधनाचेच आहे. 'नोड' ह्या जावास्क्रिप्ट चालविणाऱ्या साधनावर आधारलेले 'गल्प' नावाचे एक बांधणीचे साधन फार लोकप्रिय झाले. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीच्या पोटात, साधनाच्या साधनाचे साधन म्हणून, एक असा जुना भाग होता की जो 'नोड'च्या अंतर्गत रचनेत डोकावून आपले काम करी. एप्रिल २०१९ मध्ये 'नोड'ची बारावी आवृत्ती आली. आतली रचना बदलली, आणि तिसरे 'गल्प' सुरू होताक्षणीच कोसळू लागले. ज्यांनी आपल्या मजकुरात एका अक्षराचाही बदल केला नव्हता, त्यांचीही बांधणी अडली. चौथी आवृत्ती उपलब्ध होती, पण तिच्यासाठी कृती नव्याने लिहावी लागणार होती. म्हणजे सोय म्हणून जे आणले, त्याचीच सेवा करण्याची पाळी आली.

तथापि ही दोन्ही संकटे गैरसोयीची होती. २०२४ साली जे उघडकीस आले, ते ह्याहून फार भयंकर होते. फायली दाबून लहान करणारे 'एक्स-झेड' नावाचे एक साधन आहे. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक संगणकांत ते असते. वर्षानुवर्षे एक गृहस्थ विनामूल्य, आपल्या फावल्या वेळात, त्याची निगा राखीत होते. 'जिया तान' हे नाव धारण करणारी एक व्यक्ती २०२१ पासून त्यांना मदत करू लागली. तिने दोन-अडीच वर्षे खपून विश्वास संपादन केला आणि अखेरीस साधनाची सूत्रे हाती घेतली. मग २०२४ च्या प्रारंभी तिने त्यात एक चोरदरवाजा बसविला.

हा चोरदरवाजा बसविला कोठे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सर्वांना वाचता येणाऱ्या मूळ मजकुरात तो नव्हता. त्याचा विषारी भाग चाचणीसाठी ठेवलेल्या, वाचून काही अर्थ न लागणाऱ्या फायलींत लपविला होता. आणि त्याला जागे करणारी ओळ बांधणीच्या कृतीत घातली होती. तीही सार्वजनिक प्रतीत नव्हे, तर वाटपासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात. बांधणीची कृती इतकी लांबलचक आणि दुर्बोध झालेली असते की, ती सहसा कोणी वाचीत नाही. चोराने नेमकी तीच जागा निवडली.

ह्या चोरदरवाज्याचे लक्ष्य होते 'एस-एस-एच', म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करण्याचे सर्वत्र वापरले जाणारे साधन. त्याला स्वतःला 'एक्स-झेड'ची काहीच गरज नव्हती. परंतु काही लिनक्स वितरकांनी 'मी सुरू झालो' एवढा निरोप देता यावा म्हणून त्याला एक मोठे ग्रंथालय जोडले होते, आणि त्या ग्रंथालयाच्या पाठोपाठ 'एक्स-झेड' आत आले होते. एका निरोपासाठी घराचे मागचे दार उघडे राहिले होते.

आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला आपल्या यंत्रावर प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे आढळले. दुसऱ्या कोणी ते मनावर घेतले नसते. त्यांनी चिकाटीने मूळ शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जगजाहीर केले. दूषित आवृत्ती तोवर मुख्यतः चाचणीच्या वितरणांतच पोहोचली होती. म्हणून अनर्थ टळला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये आलेल्या 'ओपन-एस-एस-एच'च्या आवृत्तीत तो निरोप देण्याची व्यवस्था कोणत्याही परक्या ग्रंथालयाशिवाय, स्वतःच्याच थोड्याशा ओळींत लिहिण्यात आली. जे आधी होऊ शकले असते, ते आता झाले.

येथे एक आक्षेप घेता येईल. कंपायलर तरी कोणी बांधला? तोही दुसऱ्याचाच. युनिक्सचे एक जनक केन टॉम्प्सन ह्यांनी ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात हीच शंका मांडली होती. कंपायलरमध्येच असा कपटी भाग बसविता येतो की, मूळ मजकुरात त्याचा मागमूस राहत नाही, आणि तो पिढ्यानपिढ्या नव्या कंपायलरमध्ये उतरत जातो, हे त्यांनी दाखवून दिले. ह्या शंकेला उत्तर देण्याचे प्रयत्नही झाले आहेत. 'गिक्स' ह्या प्रकल्पाने २०२३ साली अवघ्या ३५७ बाइटांच्या एका बीजप्रोग्रामपासून आरंभ करून, पायरीपायरीने मोठा कंपायलर आणि त्यावरील साधनांचा संभार मूळ मजकुरातून उभा करून दाखविला. ३५७ बाइट म्हणजे ह्या भाषणातील जेमतेम एक-दोन वाक्ये. एवढे बीज माणूस डोळ्यांनी तपासू शकतो.

ह्याचा अर्थ प्रत्येकाने सर्व काही स्वतःच लिहावे, असा नव्हे. गुप्तलेखनाचे गणित स्वतः रचू पाहणारा बहुधा आपल्याच हाताने कुलूप मोडून ठेवतो. तेथे तज्ज्ञांचे पारखलेले साधन घेणेच शहाणपणाचे. प्रश्न उसने घ्यावे की नाही हा नसून, घेताना हिशेब ठेवला की नाही, हा आहे. 'एस-क्यू-लाइट' हे माहिती साठविण्याचे साधन ह्या बाबतीत आदर्श म्हणावे लागेल. २००० सालापासून रिचर्ड हिप आणि त्यांचे मोजके सहकारी ते सांभाळीत आहेत. शंभराहून अधिक फायलींतील मजकूर ते एकाच मोठ्या फायलीत ओवून देतात. सी भाषेचा कंपायलर असला की ती फाईल कोणालाही बांधता येते. जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोनमध्ये आज हे साधन आहे. इतक्या दूरवर ते पोहोचले, ह्यात त्याच्या थोड्या गरजांचा वाटा लहान नाही.

व्यवहारात पाळावयाचे नियम थोडे आहेत. बांधणे, तपासणे, गठ्ठा करणे, साफ करणे, अशी चार-पाच कामे ठरवावी आणि त्यांची नावे बदलू नयेत. ती शक्यतो यंत्रात आधीच असलेल्या 'शेल' आणि 'मेक' ह्यांवरच भागवावी. बाहेरचे साधन घेतलेच, तर त्याची नेमकी आवृत्ती नोंदवून तिची प्रत आपल्या घरी ठेवावी. बांधणीची कृती एका बैठकीत वाचून होईल इतकीच असावी. आणि अधूनमधून एक परीक्षा घ्यावी: कोरे यंत्र घ्यावे, ठरलेली साधने व प्रती त्यावर ठेवाव्या, इंटरनेटची तार काढावी, नवख्या माणसाला बसवावे आणि एका आज्ञेत बांधणी होते का ते पाहावे.

ही गोष्ट केवळ अभियंत्यांची नाही. सहकारी पतपेढी, शाळा, ग्रंथालय, नगरपालिका ह्यांचे कारभार आज कोणाकडून तरी करून घेतलेल्या प्रोग्रामवर चालतात. करून देणारा उद्या निघून जातो, आणि दहा वर्षांच्या नोंदी अशा प्रोग्रामात अडकून पडतात की जो दुरुस्त करून पुन्हा बांधणे कोणालाच जमत नाही. म्हणून करार करतानाच संस्थेच्या चिटणिसांनी दोन प्रश्न विचारावे: मूळ मजकूर आमच्या ताब्यात राहील काय? आणि तो आमच्या यंत्रावर, तुमच्यावाचून, पुन्हा बांधता येईल काय?

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दाखला शुभवर्तमानात आहे. त्या हिशेबात दगड-चुन्याबरोबर उसनवारीचीही एक ओळ असावी. तहान लागली असता दुसऱ्याची ओंजळ नाकारण्याचे कारण नाही. परंतु घरच्या आडावर आपलाही एक पोहरा असावा, आणि तो दोरासकट शाबूत आहे, हे अधूनमधून पाहून ठेवावे.