पाखरांचा कुलवृत्तांत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात होसकोटे येथील तलावाकाठी भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा विषयासाठी आम्हांस फार शोधाशोध करावी लागली नाही. ज्या तलावाच्या काठी आपण सकाळपासून बसलो आहोत, त्यानेच तो पुढे केला. होसकोटे म्हणजे नवा कोट. सतराव्या शतकात हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत होता. म्हणून येथे पाऊल टाकताच मराठी मनुष्यास वाटते की, आपले कोणीतरी येथे राहून गेले आहे. हे ‘आपले कोणीतरी’ ठरवावयाचे कशावरून, हा आमचा आजचा प्रश्न. तो मात्र आम्ही आधी पाखरांना विचारणार आहोत.

पहाटे मुलांनी पाण्यावर तीन प्रकारचे पक्षी दाखविले आणि तिघांनाही सरसकट बदके म्हटले. त्यांपैकी चोचीवर पिवळा आणि तांबडा रंग ल्यालेले हळदीकुंकू बदक तेवढे खरे बदक. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा लावलेला पक्षी तो वारकरी. त्याची बोटे बदकाप्रमाणे पडद्याने जोडलेली नसून सुटी, झालरीसारखी असतात; आणि त्याचे भाऊबंद म्हणजे पाणकोंबड्या व, थोड्या दूरच्या नात्याने, उंच मानेचे सारस व क्रौंच. तिसरी, क्षणात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी, मूठभर टिबुकली. तिचे सर्वांत जवळचे जिवंत आप्त कोण असावेत? भिगवणला उजनीच्या जलाशयात आपण ज्यांना पाहावयास जातो, ते उंच पायांचे गुलाबी रोहित पक्षी! इ. स. २००१ मध्ये हे नाते प्रथम मांडले गेले, तेव्हा पक्षिशास्त्रज्ञही चकित झाले. पुढील पुराव्यांनी मात्र ते पक्के केले.

तात्पर्य, एका पाण्यावर पोट भरणारे एकमेकांसारखे दिसू लागतात, आणि एका आजीची नातवंडे वेगवेगळ्या व्यवसायांत शिरली की ओळखू येईनाशी होतात. रूप हा नात्याचा साक्षीदार खरा, पण फार भरवशाचा नव्हे.

मग विद्वान हा वंशवृक्ष रचतात कसा? पहिली साक्ष हाडांची व पिसांची. दुसरी दगडांत गाडलेल्या जीवाश्मांची. जर्मनीतील बव्हेरियात १८६१ मध्ये प्रसिद्धीस आलेला, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा आर्किऑप्टेरिक्स हा त्यांतील सर्वांत नामांकित. त्याला पिसे होती, तसेच दात आणि हाडांची लांब शेपटीही होती. १९९६ मध्ये चीनमध्ये अंगावर पिसांसारखे तंतू असलेला डायनोसॉर उजेडात आला. आज पक्षी हे डायनोसॉरांच्याच एका शाखेचे वंशज मानले जातात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इतर डायनोसॉर नष्ट झाले. ही एक शाखा तरली आणि तिला नव्या फांद्या फुटल्या.

तिसरी साक्ष पेशींतील डी.एन.ए.ची. तिचे मर्म आपणांस पोथ्यांवरून चटकन उमगेल. नकला उतरताना ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले, म्हणून १५८४ मध्ये एकनाथमहाराजांनी तिचे शुद्धीकरण केले, हे आपण जाणतोच. दोन नकलांत एकच विशिष्ट चूक एकाच जागी आढळली, तर त्या दोन्ही बहुधा एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या, असे संशोधक म्हणतो. डी.एन.ए. ही चार अक्षरांची पोथी होय. पिढ्यान् पिढ्या ती उतरविली जाते, तीत बारीक फरक पडतात, आणि कोणते फरक कोणाकोणांत समान आहेत हे पाहून नाते जुळविले जाते.

याही साक्षीची उलटतपासणी करावी लागते. २०१४ मध्ये अठ्ठेचाळीस जातींच्या संपूर्ण जनुकसंचावरून मोठा वंशवृक्ष सिद्ध झाला. त्यात टिबुकली व रोहित यांची जोडी कबुतरांशेजारी बसविली होती. २०२४ मध्ये तीनशे त्रेसष्ट जाती तपासल्या गेल्या, तेव्हा दिसले की जनुकसंचातील एकाच विलक्षण तुकड्याने आधी दिशाभूल केली होती. टिबुकलीचे व रोहिताचे नाते टिकले, पण कबुतरांचा शेजार सुटला. आपला निष्कर्ष असा जाहीरपणे मागे घेणे, हे या शास्त्राचे भूषण आहे.

आपल्या बेंगळूरचाही या कामात वाटा आहे. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडील शिखरांवर, शोला नावाच्या थंड जंगलांत राहणाऱ्या काही गाणाऱ्या पक्ष्यांना पूर्वीच्या पंडितांनी दूरदूरच्या कुळांत घातले होते. येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राशी संबंधित संशोधकांनी सहकाऱ्यांसह त्यांचे डी.एन.ए. तपासले, आणि २०१७ मध्ये या पक्ष्यांसाठी दोन नव्या प्रजाती-गटांची स्थापना झाली. ही कुळे येथलीच, याच डोंगरांवर वाढलेली ठरली.

परंतु आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते ती कथा आपल्या खानदेशातील आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचे वर्णन ह्यूमसाहेबांनी १८७३ मध्ये केले. १८८४ नंतर तो कोणासही मिळाला नाही. संग्रहालयांत त्याची मोजकी कातडी उरली. त्यांपैकी एकास कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांची चिठ्ठी होती: १९१४, तापीकाठचे मांडवी. ती चिठ्ठी खोटी होती. ते कातडे डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात खानदेशात मिळविलेले. कर्नलांनी ते ब्रिटिश संग्रहालयातून चोरले, पुन्हा भरले आणि आपले म्हणून मिरविले. पामेला रासमुसेन यांनी कातड्याच्या आत उरलेल्या जुन्या बांधणीवरून ही लबाडी उघडकीस आणली. खोटे ठिकाण वगळून, खऱ्या चिठ्ठ्यांवरील गावांचा माग घेत त्या आपल्या दोन सहकाऱ्यांसह निघाल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, ११३ वर्षांनी, रानपिंगळा जिवंत दिसला! पुढे २०१८ मध्ये त्याच्या डी.एन.ए.नेही साक्ष दिली. ह्यूमसाहेबांनी त्याला निराळ्या गटात ठेवले होते. तो निघाला आपल्या गावच्या पिंगळ्याच्याच गटातला.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. आमचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर या मुलखात आले, असे आम्ही आजवर मंडळाच्या गणेशोत्सवात अनेकदा सांगितले आहे. आपण टाळ्याही वाजविल्या आहेत. वडील वारल्यानंतर त्यांची ट्रंक उघडली, तीत आजोबांच्या हातचा मोडी कागद निघाला. जाणकाराकडून तो वाचून घेतला. १९१८च्या मानमोडीच्या साथीत सातारा जिल्ह्यातील घरातली तीन माणसे गेली. पुढच्या वर्षी आजोबा एकटेच बेंगळूरच्या छावणीत आले आणि एका शिंप्याच्या दुकानात काजे-बटणे करू लागले. फौज नाही, घोडा नाही. सोबत एक सुई.

प्रथम आम्ही खट्टू झालो. कागद पुन्हा ट्रंकेत ठेवावा असेही मनात आले. मग रानपिंगळ्याचे स्मरण झाले. खोट्या चिठ्ठीने पक्ष्याची प्रतिष्ठा काडीइतकी वाढली नव्हती. तिच्यामुळे त्याचे घर मात्र भलत्या ठिकाणी दाखविले गेले. आमच्या फौजेच्या गोष्टीनेही तेच केले होते. साताऱ्याच्या त्या गावात आमचे कोणी उरले आहे काय, हे विचारण्याची बुद्धी शंभर वर्षांत आम्हांस झाली नाही. गेल्या दिवाळीत आम्ही तेथे गेलो. आजोबांच्या धाकट्या बहिणीचे नातू भेटले. चेहरेपट्टी मुळीच जुळली नाही. परंतु त्यांच्या घरीही तेच तीन मृत्यू, त्याच साली, त्याच क्रमाने सांगितले जात होते. नकलांतील जुळलेला पाठच तो!

म्हणून मंडळास विनंती एवढीच. आपली मुले कन्नड सफाईने बोलतात, इंग्रजीत हसतात, म्हणून ती परकी झाली अशी भीती बाळगू नये. पाण्याप्रमाणे रूप बदलावयाचेच. मात्र प्रत्येक घराने आपली चिठ्ठी खरी लिहून ठेवावी: कोण, कोठून, कोणत्या साली, आणि पोटासाठी आले असल्यास पोटासाठीच. शंभर वर्षांनी कोणी आपला शोध घेऊ लागला, तर त्याला वाट सापडली पाहिजे. आमची चिठ्ठी आम्ही आज मंडळाच्या दप्तरी सादर करतो.

 जय महाराष्ट्र! जय कर्नाटक!