कामगाराला विमा, कुटुंबाला बिल

(सिकंदराबाद येथे रेल्वे कामगारांच्या कुटुंबमेळाव्यात शाखा सचिवांनी केलेले भाषण)



आज मी बोनस, पेन्शन आणि रिक्त जागा यांवर बोलणार नाही. त्यासाठी आपल्या सभा होतच असतात. आज घरची मंडळी आली आहेत, म्हणून घरातलाच एक प्रश्न मांडतो. मघाशी मी विचारले, कोणाचा मुलगा, जावई किंवा भाऊ आखाती देशात आहे? किती हात वर झाले ते आपण सर्वांनी पाहिले. आपले वडील रेल्वेत होते, आपण रेल्वेत लागलो. आपल्या मुलांना मात्र रेल्वेत जागा मिळाली नाही. आयटीआय करून ती दुबई, शारजा, दम्मामला गेली. एकट्या संयुक्त अरब अमिरातीत आज ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. दरमहा पैसे येतात, घराला स्लॅब पडतो, सगळे सुरळीत चालते. पण केव्हापर्यंत? घरात आजारपण येईपर्यंत.

आपल्या कॅरेज-वॅगन विभागातल्या एका निवृत्त फिटरची हकिकत सांगतो. नाव सांगत नाही, पण त्यांच्या परवानगीनेच बोलतो आहे. २०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला ते माझ्या क्वार्टरवर आले. हातात मोबाईल, त्यावर एका बिलाचा फोटो. मुलगा शारजाला एसी मेकॅनिक, सून त्याच्याजवळ, सातवा महिना चालू. एके संध्याकाळी तिला रक्तस्राव सुरू झाला. मुलाने टॅक्सी केली आणि जवळ जे खासगी रुग्णालय होते तिथे नेले. डॉक्टरांनी एक मिनिट वाया घालवला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. त्याच रात्री ऑपरेशन झाले. मुलगी झाली, वजन दीड किलोच्या आत. २६ दिवस काचेच्या पेटीत होती. आई वाचली, लेक वाचली. बिल झाले १ लाख ११ हजार दिरहम. तेव्हा एक दिरहम साडेबावीस रुपयांच्या आसपास होता. म्हणजे जवळपास २५ लाख रुपये!

मुलाचा पगार साडेचार हजार दिरहम. त्याने काही खाल्ले नाही, भाडे दिले नाही, दोन वर्षांचा सगळा पगार भरला, तरी हे बिल फिटत नाही.

मी विचारले, "विमा नव्हता का?"

ते म्हणाले, "भाऊ, विमा होता. पोराला होता. सुनेला नव्हता."

मित्रहो, या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. आपल्याला रेल्वेच्या दवाखान्याची सवय आहे. कार्ड दाखवले की लालागुड्याच्या रुग्णालयात बायकोला उपचार, मुलांना उपचार, अवलंबून असलेल्या आईलाही उपचार. नोकरी म्हटली की कुटुंबाचा दवाखाना आलाच, असे आपण धरून चालतो. हा हक्क आपल्या आधीच्या पिढ्यांनी झगडून मिळवला आणि टिकवला, हे आपण विसरतो. आपल्या घरात वाढलेल्या त्या पोरानेही तेच धरले होते.

तिकडचे कायदे मी समजून घेतले. मी मॅट्रिक झालेला माणूस, पण विचारायला लाजत नाही. सौदी अरेबियात मालकाने कामगाराबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचाही विमा काढायचा असतो. अबुधाबीत २००५ च्या कायद्याने मालकावर कामगार, त्याची पत्नी आणि १८ वर्षांखालील तीन मुले यांची जबाबदारी टाकली. दुबईचा कायदा २०१३ चा. तिथे मालक फक्त कामगाराचा विमा काढतो, बायकामुलांचा विमा ज्याने त्यांचा व्हिसा काढला त्याने, म्हणजे कामगारानेच काढायचा. शारजा, अजमान वगैरे उत्तरेकडच्या अमिरातींत तर १ जानेवारी २०२५ पर्यंत खासगी नोकरीतल्या कामगारासाठीसुद्धा विम्याची सक्ती नव्हती. आता ती आली. वर्षाला ३२० दिरहमांपासून विमा मिळतो. पण कुटुंबाचा विमा काढण्याचे बंधन मालकावर आजही नाही. काम तेच, घाम तोच, पण राहण्याची हद्द बदलली की बायकोच्या आजाराचा धनी बदलतो!

आता आपल्या सरकारकडे पाहू. प्रवासी भारतीय विमा योजना २००३ पासून आहे. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर १० लाख. पण रुग्णालयाच्या खर्चासाठी किती? १ लाख रुपये, तेही विमेदारासाठी. त्याचे चार हजारांच्या आसपास दिरहम होतात. आणि ही योजना सक्तीची कोणाला? ज्यांच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठी सरकारी परवानगीची अट आहे त्यांना. दहावी पास झालेल्याला ती अट नाही. म्हणजे आपली आयटीआय झालेली मुले त्यातून बाहेरच. २०२२ मध्ये भारत आणि अमिरातीत मोठा व्यापार करार झाला. मालाची जकात कमी झाली, आनंद आहे. पण तिथे राबणाऱ्याच्या बायकोला रात्री दवाखान्यात न्यावे लागले तर पैसे कोणी भरायचे, याचा करार कधी होणार?

कोणी म्हणेल, परक्या देशात आपले काय चालणार? तिथे कामगारांना युनियन काढता येत नाही, संप करता येत नाही, हे खरे आहे. म्हणूनच ही जबाबदारी इथल्या संघटनांवर येते. एक उदाहरण देतो. १९९२ साली बंगालमध्ये मथुरापूर स्टेशनवर एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला मार लागलेला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी खासगी रुग्णालयात १७ हजार रुपये खर्च झाले. त्याची शेतमजूर संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की, तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे जगण्याचा हक्क नाकारणे. भरपाई २५ हजार मिळाली, पण तो निकाल देशातल्या प्रत्येक गरिबाच्या कामी आला. एकटा माणूस बिल भरतो आणि गप्प बसतो. संघटना त्या बिलाचा हक्क करून दाखवते.

आपल्या फिटरचे पुढे काय झाले? शाखेने दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला पत्र पाठवले. परदेशात अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. ऐपत पाहून तातडीच्या उपचारालाही त्यातून मदत देता येते. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते? मलाही नव्हते. मुलाने तपशीलवार बिल मागितले, रुग्णालयाशी बोलणी झाली, रक्कम ७८ हजारांवर आली. काही निधीतून, काही मित्रांकडून, राहिलेली हप्त्याने. वडिलांची ग्रॅच्युइटी त्यात गेली. सून आणि नात परत आल्या. मुलगा अजून तिथेच हप्ते फेडतो आहे. दोन वर्षांच्या मुलीला बाप माहीत आहे तो मोबाईलमधला.

म्हणून घरी जाऊन आजच एवढे करा. मुलाला फोन करून विचारा, नोकरीच्या करारात कुटुंबाचा विमा लिहिलेला आहे का? तोंडी आश्वासन धरू नका. सुनेचे कार्ड कोणत्या रुग्णालयात चालते, मर्यादा किती, बाळंतपण त्यात आहे का, हे दिवस राहण्याआधी वाचायला सांगा. तुम्ही स्वतः भेटीला जाणार असाल, तर रेल्वेचे कार्ड समुद्रापलीकडे चालत नाही. प्रवासाचा विमा काढा आणि मधुमेह, रक्तदाब लपवू नका, नाहीतर दावा नाकारला जाईल. जिवावरचा प्रसंग आला तर आधी दवाखाना गाठा, हिशेब नंतर. पण विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, रोजचे बिल मागा, आणि कोऱ्या धनादेशावर सही करू नका. न वटलेल्या धनादेशावर तिथे थेट वसुली होऊ शकते, आणि थकलेल्या रकमेपायी देश सोडण्याची मनाई होऊ शकते.

आणि संघटना म्हणून आपल्या तीन मागण्या राहतील. कामगार पाठवण्याच्या प्रत्येक करारात कुटुंबाचा विमा मालकाने काढण्याचे कलम असावे. प्रवासी विमा योजना दहावी पास-नापास न पाहता सर्वांना लागू करून रुग्णालयाची रक्कम वाढवावी. कल्याण निधीची माहिती परदेशी निघणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्याच्या भाषेत द्यावी. हा ठराव आज शाखेने करावा आणि महासंघाकडे पाठवावा, अशी माझी विनंती आहे.

ठरावाला अनुमोदन द्यायला मी त्या फिटरनाच पुढे बोलावतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!