विद्यापीठाचं व्याख्यान आपल्यासाठीही असतं

मी तुमची सहयोगिनी बोलतेय. एरवी आपण बचत, कर्ज आणि हप्ते यांवर बोलतो. आज मात्र तालुक्याच्या कॉलेजात होणाऱ्या व्याख्यानांविषयी सांगणार आहे.

पुणे विद्यापीठाचं एक बहिःशाल शिक्षण मंडळ आहे. नाव जड वाटतं, पण अर्थ सोपा आहे. बहिः म्हणजे बाहेर. शाळा-कॉलेजच्या भिंतीबाहेर जे आहेत, त्यांच्यापर्यंत शिक्षण न्यायचं, यासाठी हे मंडळ. त्याच्यातर्फे पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या कॉलेजांत डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला होते. जयकर हे या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. संत, समाजसुधारक, इतिहास, साहित्य अशा विषयांवर बाहेरचे वक्ते येऊन बोलतात. परीक्षा नसते, पदवी लागत नाही. ऐकायचं आणि शंका असेल तर विचारायची.

हे सांगितलं की गटात पहिला प्रश्न येतो, "ताई, अनुदानाची माहिती असेल तर येऊ. भाषणानं काय पोट भरतंय?" प्रश्न रास्त आहे. एक दिवसाची मजुरी बुडवणं सोपं नाही. पण ग्रामसभेत आपल्याला काय अडतं ते आठवा. पाण्याचं दुखणं आपलं, आणि बोलायला उठतो दुसराच. चार लोकांत बसून ऐकायची, हात वर करून विचारायची सवय आपल्याला कुणी लावलीच नाही. ती अशा ठिकाणी लागते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाच्या अकरा जणी गेल्या होत्या. विषय लोकसाहित्याचा होता. वक्त्या बाईंनी विचारलं, "जात्यावरची ओवी कुणाला येते?" कॉलेजच्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी बसल्या जागी दोन ओव्या म्हटल्या. बाईंनी त्या पुन्हा म्हणायला लावल्या, परवानगी घेऊन मोबाईलवर उतरवून घेतल्या, कुणाकडून शिकलात ते विचारलं. येताना जीपमध्ये मावशी म्हणाल्या, "सासूनं शिकवलेल्या. सुनेला कधी म्हणून दाखवल्या नाहीत. तिला काय त्याचं, असं वाटायचं." गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली, आणि ओव्या मावशींच्या वयाच्या बायकांपाशीच उरल्या. त्या लिहून ठेवल्या नाहीत तर त्यांच्याबरोबरच जातील.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. जन्म 1880 चा, जळगावजवळच्या आसोद्याचा. शेतात राबणारी, लिहिता-वाचता न येणारी बाई. काम करताना गाणी रचायची. घरातल्यांनी ती लिहून ठेवली, म्हणून त्या 1951 मध्ये गेल्यावर पुढच्याच वर्षी त्यांचं पुस्तक निघालं. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पुणे विद्यापीठाला 2014 पासून सावित्रीबाई फुलेंचं नाव आहे. पाटीवर बाईचं नाव असलेल्या ठिकाणी आत जायला आपण का बिचकावं?

आता करायचं काय ते सांगते. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन बहिःशाल मंडळाचं काम बघणारे प्राध्यापक कोण, ते विचारा. यंदाची व्याख्यानं कधी आहेत, बाहेरच्या बायकांना बसता येईल का, हेही विचारून घ्या. गटाच्या बैठकीत विषय मांडा, किती जणी येणार ते इतिवृत्तात लिहा. मग गटाच्या नावानं प्राचार्यांना पत्र द्या. त्यात वेळेचं स्पष्ट लिहा. सकाळी दूध आणि रान असतं, संध्याकाळी चूल असते. दुपारी दोननंतर ठेवलं तर आम्ही इतक्या जणी येऊ, असा आकडा टाका. ऐकणारे येणार म्हटल्यावर विचार करायला त्यांनाही बरं पडतं.

जाताना घरातली कॉलेजची मुलगी किंवा सून सोबत घ्या. निदान एकीनं एक प्रश्न विचारायचा, हे आधीच ठरवा. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं, जी गेली तिनं न गेलेल्यांना सांगायचं.

आणि ज्यांना ओव्या येतात, त्यांनी व्याख्यानाची वाट बघू नका. आज रात्री जेवणं झाली की नातीला वही घेऊन जवळ बसवा.