डिझाईन म्हणजे निव्वळ घडणावळ

(पिंपळगाव राजा येथे युवक-युवतींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खामगाव आपल्या तालुक्याचं गाव आणि चांदीचं गाव. तिथलं बिल बघा. वजन, भाव आणि खाली घडणावळ. चांदीच्या भावावर गिऱ्हाईक फारसं बोलत नाही, घासाघीस होते ती घडणावळीवर. आपल्या धंद्यात तर चांदी नाहीच. लोगो, लग्नपत्रिका, दुकानाचा बोर्ड, सराफासाठी अंगठीचं थ्रीडी मॉडेल, ही सगळी घडणावळच. म्हणून समोरचा म्हणतो, "कॉम्प्युटरवरच तर केलं, याला लागलं काय?"

काय लागलं ते आधी आपल्याला सांगता आलं पाहिजे. समजा, घरात महिन्याला 25,000 रुपये यायला हवेत. लॅपटॉप 60,000 चा, चार वर्षं चालेल, म्हणजे महिन्याला 1,250. वीज, इंटरनेट, फोन धरून 1,750. झाले 28,000. आता तास मोजा. पंचवीस दिवस, रोज आठ तास म्हणजे 200. पण त्यातले निम्मे गिऱ्हाईक शोधण्यात, फोनवर आणि शिकण्यात जातात. विकायला उरले 100. म्हणजे तासाला 280 रुपये. बारा तासांचा लोगो 3,360 चा झाला. तोच 500 मध्ये दिला तर तासाला 42 रुपयेसुद्धा पडत नाहीत. हे गणित माझ्या आकड्यांनी नको, आज रात्री स्वतःच्या आकड्यांनी करा.

सॉफ्टवेअरचा खर्च मी धरला नाही, कारण ब्लेंडर आणि इंकस्केप फुकट आहेत. चोरीचं सॉफ्टवेअर वापरून "माझा रेट सगळ्यात कमी" म्हणणं ही हलाल स्पर्धा नव्हे.

मजुराला घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही हदीस आपण मालकांना ऐकवतो. पण मजुरी किती, हे ठरलंच नसेल तर तो देणार काय? "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या" ही नम्रता नाही, पुढच्या भांडणाचं बी आहे. सूरह बकरातली 282 वी आयत, कुरआनातली सर्वांत मोठी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. व्हॉट्सॲपवर लिहा, पण लिहा: काम काय, किती दिवसांत, अर्धी रक्कम आगाऊ, दोन दुरुस्त्या रकमेत धरलेल्या, तिसरीपासून तासाप्रमाणे. "पसंत पडेपर्यंत बदलून देऊ" म्हणालात तर तुम्ही किती काम विकलं, हे तुम्हालाही माहीत नसतं. फिकहमध्ये अशा अनिश्चित सौद्याला ग़रर म्हणतात. मूळ फाईल आणि हक्क द्यायचे की नाही, तेही त्यातच लिहा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशीच करावे लागतात.

घरी बसून काम करणाऱ्या बहिणींना वेगळाच त्रास. "तू घरातच असतेस, करून दे." मामूंचं काम असो की मदरशाचं, फुकट करायचं असेल तर खुशाल करा. पण बिल पूर्ण रकमेचं बनवा आणि खाली सवलत दाखवा. मग ते तुमच्याकडून दिलेलं ठरतं. नाहीतर तोच तुमचा रेट होतो, आणि शेजारच्या मुलीचाही.

पैसे अडकले तर? उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, काम घेण्याआधीच करून ठेवा. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला, आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. नाही दिले तर सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. कायदा उशिरावर व्याजही देतो. आपल्याला व्याज नको, पण मुद्दल सोडायला कुणी सांगितलेलं नाही.

ज्यांनी आपलं कोटेशन लिहून आणलंय, त्यांनी पुढे या. एकेक वाचू आणि तास मोजू.